वाचून दाखवलं, कबूल केलं

तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या वतीने रडलो. भोकरदनच्या तहसील कचेरीसमोर निंबाखाली गोणपाट, गोणपाटावर सतरंजीचा तुकडा आणि पुढ्यात उतरत्या झाकणाची लाकडी पेटी, एवढं माझं दुकान. मी अर्जनवीस होतो. हल्लीच्या मुलांना हा शब्द समजावून सांगावा लागतो. निजामाचं राज्य, कचेरीचा सगळा कारभार उर्दूत, आणि रयत बोलणार मराठी. शेतकऱ्याला तहसीलदाराला काही सांगायचं झालं तर मध्ये आमच्यासारखा सनद घेतलेला माणूस लागायचा. त्याने तोंडी सांगायचं, आम्ही उर्दूत कागद करायचा, त्याने अंगठा उठवायचा आणि कागद आत जायचा. लोक आम्हाला मुन्शीजी म्हणत. चतुर्थीला मी पेटी उचलून राजूरला गणपतीच्या देवळाबाहेर बसायचो, कारण देवाकडे गाऱ्हाणं घालून झालं की माणसाला सरकारची आठवण होते.

माझ्या हाताला नाव होतं, हे सांगायला आता लाजत नाही. अर्ज लिहायची एक रीत असे. सुरुवातीला साहेबांचा मान, चार ओळींचा. मग ‘फिदवी’, म्हणजे आपला चरणांचा दास. मग हा फिदवी किती नादान, किती जाहिल, म्हणजे किती अडाणी, त्याला सरकारी कायदे कसे कळत नाहीत, त्याच्या हातून काही चूक झाली असेल ती हुजुरांनी कशी पोटात घालावी. एवढं सगळं झालं की शेवटाकडे कुठेतरी खरं काम. माझा अर्ज वाचून एका साहेबांचे डोळे भरून आले, असं त्यांचा चपराशी सांगायचा. त्या चपराशाला मी रोज विडी द्यायचो, तेव्हा त्यात खरं किती ते देवाला ठाऊक.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक आजोबा चोरीला गेलेल्या म्हशीसाठी दर बाजारी नवा अर्ज लिहून घ्यायचे. दोन वर्षांनी सहज बोलता बोलता म्हणाले, “म्हैस तं पहिल्याच म्हैन्यात गावली, मुन्शीजी.”

मी बोरू खाली ठेवला. “मग अर्ज कशाला लिहून घेता?”

“तुमी ऐकून घेता. घरात कोन ऐकून घेतं?”

या अंकाच्या संपादकांनी अशीच गमतीची गिऱ्हाइकं लिहून मागितली आहेत, आणि मी लिहिणारही होतो. पण गेल्या निवडणुकीचा निकाल लागला त्या दिवशी मी जालन्याला पुतण्याकडे होतो. चार शिकलेली माणसं जमली होती, एक डॉक्टर, दोन प्राध्यापक, एक निवृत्त इंजिनिअर. सगळ्यांचं एकमत की अडाण्यांच्या हाती मत दिलं हीच चूक. कुणीही यावं, काका-मावशी म्हणावं, आणि यांनी त्याच्या मागे चालू लागावं. मला म्हणाले, “काका, तुम्ही तर जन्म या लोकांत काढला. तुमचं काय मत?” मी म्हणालो, मला जरा पाणी द्या. कारण हे सगळं मी स्वतः, जवळजवळ याच शब्दांत, एकदा बोललो होतो. का बोललो होतो ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पुतण्यालाही नाही.

त्याआधी धंद्यातली एक गोष्ट कळायला हवी. प्रत्येक अर्जाच्या तळाला, अंगठ्याच्या वर, एक ओळ लिहायची सक्ती होती. अर्जदाराला वाचून दाखवलं, त्याने बरोबर म्हणून कबूल केलं, अशा अर्थाची. ती ओळ नसली तर अर्ज परत. आता अर्ज उर्दू, ऐकणारा मराठी. तेव्हा आम्ही उर्दू कागद डोळ्यांसमोर धरायचो आणि तोंडाने मराठी बोलायचो. खरं सांगायचं तर तो माणूस आम्हाला थोड्या वेळापूर्वी जे बोलला तेच त्याला परत ऐकवायचो. कागदावर फिदवी आणि जाहिल, तोंडात त्याचेच शब्द. तो खूश होऊन ‘बराबर’ म्हणायचा आणि शाईच्या गादीकडे बोट न्यायचा. सगळेच अर्जनवीस असं करत. कचेरीची भाषा वेगळी, गावची वेगळी, दोघांना एकमेकांचं ऐकवलं तर काम कसं चालणार, असा आमचा समज होता. यात खोटेपणा आहे असं माझ्या मनाला कधी शिवलं नाही.

दुसऱ्या महायुद्धाची शेवटची वर्षं होती. धान्याची लेव्ही आली होती. ज्याने जितकी ज्वारी पेरली असेल त्या मानाने त्याने सरकारात ज्वारी घालायची. पेरा किती हे पटवाऱ्याच्या कागदावरून ठरायचं. पटवाऱ्याने शेतात जाऊन पाहावं असा नियम होता, पण मागच्या सालचा आकडा पुढच्या साली उतरवून काढला की पायपीट वाचते.

धावड्याच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी, वऱ्हाडच्या हद्दीजवळ एक गाव आहे. नाव लिहीत नाही, तिथे त्या माणसांची नातवंडं नांदताहेत. त्या गावची तीसेक माणसं एका सकाळी निंबाखाली येऊन बसली. सगळ्यांच्या पुढे गयाबाई. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, शेत तिच्या नावावर, औताला स्वतः उभी राहणारी बाई. आवाज जरा चढाच. मी बोरू टोकरत होतो, तोवर तिने बोलायला सुरुवात केली.

“लिवा, मुन्शीजी. माळाची जमीन औंदा आमी पेरलीच न्हाई. पानीच पडलं न्हाई तं काय पेरावं? पटवारी शेतात आल्ताच न्हाई, अन् कागदावर पेरली म्हणून लिवून मोकळा झाला. साहेबाला म्हणावं, या अन् मोजा. आमी माफी मागून न्हाई राह्यलो. मोजून पेरलेलं निघालं तं दुप्पट घ्या. न्हाई निघालं तं आमचं आमाला ठिवा.”

बाकीच्यांनी माना डोलावल्या. गावकऱ्यांसोबत दिगंबरराव आले होते. त्या गावच्या देशमुखांचे चिरंजीव, हैदराबादला शिकून वकील झालेले. माणूस सोन्यासारखा, हे मी आजही म्हणतो. गावातल्या मोठ्या घरांनी धान्य भुईत लपवलं तेव्हा यांनी स्वतःच्या घरची लेव्ही पहिल्या दिवशी नेऊन घातली होती. ते माझ्या पेटीशी वाकले आणि लोकांना कळू नये म्हणून माझ्या कानाशी, अगदी कचेरीच्या उर्दूत बोलले, “पैमाइश का जिक्र न कीजिए. पटवारी चिढ़ जाएगा, फिर सालभर गाँव को सताएगा. रहम की दरख्वास्त लिखिए.” मोजणीचं नाव काढू नका, दयेचा अर्ज करा. वर तसंच कानाशी मराठीत म्हणाले, “यांना हे सांगत बसू नका, समजणार नाही.”

मला ते पटलं. पटायला माझी कारणं आणखीही होती. तो पटवारी रोज माझ्या सतरंजीवर बसून चहा प्यायचा, आणि निम्मी गिऱ्हाइकं मला त्याच्यासारखे पटवारीच पाठवायचे. मी लिहिलं, आणि काय लिहिलं! आम्ही जाहिल रयत, आम्हाला पेरा म्हणजे काय आणि आकडा म्हणजे काय ते उमजत नाही, आमच्या अज्ञानावर हुजुरांनी पडदा टाकावा, रहम करावा. दिगंबररावांनी वाचून मान हलवली. ‘उत्तम’ म्हणाले.

मग मी तो कागद समोर धरून गयाबाईचं बोलणं गयाबाईला ऐकवलं. या अन् मोजा, दुप्पट घ्या, सगळं. तिने डोळे मिटून ऐकलं. “बराबर,” म्हणाली, आणि पहिला अंगठा तिने उठवला.

अर्ज महिन्याभरात परत आला. रहम करण्याजोगं कारण दिसत नाही, नामंजूर. पाठीमागे एवढी एकच ओळ. मी गावकऱ्यांना म्हणालो, साहेब कडक आहेत, त्याला आपण काय करणार. लेव्ही कागदाप्रमाणे वसूल झाली. गयाबाईची खायची ज्वारी गेली आणि बियाण्याचीही गेली. पेरायला काही नाही म्हटल्यावर तिचा एकुलता मुलगा जालन्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला गेला. दिवाळीला येतो म्हणाला होता, तो आला नाही.

तेव्हाचे तहसीलदार तरुण होते, हैदराबादहून वर्षभरापूर्वी आलेले, आणि हौशी. गावोगाव स्वस्त धान्याची दुकानं उघडायची होती. दुकान सांभाळायला एक पंच हवा. वरून नेमून देण्याऐवजी तो गावानेच निवडावा, असं त्यांच्या मनाने घेतलं. लेव्ही भरणाऱ्या प्रत्येक खातेदाराने चावडीसमोर यायचं आणि हात वर करायचा. बाई खातेदार असेल तर तिचाही हात धरायचा. आमच्या कचेरीत तर यावर हशा पिकला.

त्या गावात दिगंबरराव उभे राहिले. त्यांच्यासमोर सखाराम. हा बैलांचा दलाल. बाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदे करणारा, प्रत्येक घरात नातं लावणारा, बारशापासून तेराव्यापर्यंत सगळीकडे पहिला हजर. ‘मी अंगठेबहाद्दर, तुमच्यातला,’ हे त्याचं पालुपद. आणि इथे मला त्याची एक गोष्ट ठाऊक होती. दोन वर्षांपूर्वी एका बैलाच्या भांडणाचा अर्ज लिहून घ्यायला तो माझ्याकडे आला होता. मी लिहीत होतो, अजून एक अक्षरही वाचून दाखवलं नव्हतं, तो पेटीच्या पलीकडून उलट्या बाजूने बघत म्हणाला, “मुन्शीजी, तांबडा लिवलं तुमी. बैल पांढरा हाय.”

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. उर्दू, तेही उलटं. “सखाराम, तू वाचतोस?”

“फौजेच्या बैलांवर हुतो, तिथं शिकलो. कोनाला बोलू नका.” आणि शाईत अंगठा बुडवून म्हणाला, “सही केली का लोकं लांब सरकून बसत्यात.”

गिऱ्हाइकाची गोष्ट बाहेर बोलायची नाही हा आमचा नेम, म्हणून मी गप्प होतो. निवडीच्या दिवशी मी दिगंबररावांच्या बाजूने मुद्दाम गावात गेलो. निकालाची मला काडीचीही शंका नव्हती. एकीकडे कायदा जाणणारा, हात स्वच्छ असलेला माणूस आणि दुसरीकडे म्हातारा बैल तरणा म्हणून विकणारा. शेंबडं पोरसुद्धा निवड करील, असं मी वाटेत गाडीवानाला सांगितलं होतं.

चावडीसमोर खुर्ची टाकून तहसीलदारांचे पेशकार, म्हणजे त्यांचे कागदपत्र पाहणारे कारकून, बसले होते. हात मोजायला त्यांनाच पाठवलं होतं. त्यांना मराठी येत नव्हतं, त्यामुळे भाषणं चालू असताना ते सुपारी कातरत होते. दिगंबरराव आधी बोलले. अर्धा तास. एकही शब्द खोटा नाही आणि एकही शब्द समोरच्यांच्या तोंडातला नाही. शेवटी म्हणाले, “हे नियम गुंतागुंतीचे आहेत, तुम्हाला कळायचे नाहीत. म्हणून तर मी आहे.” त्यांना वाटलं हे आश्वासन आहे. मलाही तसंच वाटलं.

सखाराम उठला. भाषण नाहीच केलं. म्हणाला, “मला वाचता येत न्हाई. गयाआक्का, तुजा तो परत आलेला अर्ज हाय ना? काढ.”

गयाबाईने कमरेच्या पिशवीतून चौघडी केलेला कागद काढला. मला वाटलं ती तो कधीच चुलीत घालून बसली असेल. सखारामने तो घेतला, वरखाली धरून पाहिल्यासारखं केलं आणि माझ्या हातात दिला.

“मुन्शीजी, तुमचाच हात हाय. वाचा. मराठीत न्हाई. लिवलंय तसं.”

मी पेशकारांकडे पाहिलं. अर्ज उर्दूतला आहे म्हटल्यावर ते सुपारी ठेवून सावरून बसले होते. खोटं वाचायची सोय उरली नव्हती. मी सुरू केलं. घाईघाईने, गिळून गिळून. ‘जाहिल’ आला तेव्हा तो तसाच ओलांडून पुढे गेलो. पेशकार उठून माझ्या खांद्यावरून कागद पाहत होते. ते प्रेमाने म्हणाले, “मुन्शीजी, एक लफ्ज छूट गया. जाहिल.”

मी ‘जाहिल’ वाचलं. मग ‘नादान’. बाजारहाटाला दखनी सगळ्यांनाच कळायची, तिथे कुणाला अर्थ सांगावा लागला नाही. पुढे आमचं अज्ञान, आमची चूक, हुजुरांचे पाय. माणसं खाली बघत होती. मला वाटलं होतं आरडाओरडा होईल, कुणी अंगावर येईल. कुणी हललं नाही, आणि तेच मला सहन होईना.

गयाबाई पुढे आली. “मोजायचं कुठं लिवलं, मुन्शीजी?”

मी कागदाची घडी घालू लागलो.

“या अन् मोजा, ते कुठं हाय?”

“नाही लिहिलं,” मी म्हणालो.

“पन तुमी मला वाचून दावलं तवा हुतं.”

दिगंबरराव चटकन उभे राहिले. मला वाचवायलाच उभे राहिले बिचारे. “गयाबाई, मीच त्यांना तसं लिहायला सांगितलं. तुमच्या भल्यासाठीच सांगितलं. तुम्हाला त्यातलं कळलं नसतं.”

सखारामला बोलायची गरजच नव्हती. तो हात बांधून उभा होता आणि मला त्याचा असा संताप आला की धंद्याचा नेम विसरून मी ओरडलो, “हा सखाराम वाचतो! उर्दू वाचतो! याचा अंगठा खोटा आहे, तुम्हाला फसवतोय हा!”

आता तरी गर्दी फिरेल असं मला वाटलं. लोकांनी सखारामकडे पाहिलं. सखाराम मान खाली घालून किंचित हसला. गयाबाई म्हणाली, “बरं झालं. आपल्यातल्या एकाला तरी येतंय.”

हात वर झाले. पेशकारांनी मोजायला सुरुवात केली आणि मध्येच थांबले, कारण दिगंबररावांच्या बाजूला त्यांचे दोन चुलते आणि भाऊबंद सोडले तर कुणी नव्हतं. मी डोळे चोळून पुन्हा पाहिलं. ज्यांच्या पोरांना दिगंबररावांनी पदरची पुस्तकं दिली, ज्यांच्या तारखांना ते फुकट उभे राहिले, ती सगळी माणसं समोर होती, आणि सगळ्यांचे हात सखारामसाठी वर. गयाबाईचा सगळ्यांत आधी. आयुष्यात इतका सुन्न मी कधी झालो नव्हतो. वडील गेले तेव्हासुद्धा.

परतीच्या वाटेवर गाडीवानाने शेंबड्या पोराचं नाव काढलं नाही, एवढे त्याचे उपकार.

दुसऱ्या दिवशी कचेरीसमोर वकील, कारकून, आम्ही अर्जनवीस, सगळे जमलो. तिथे मी तेच बोललो जे परवा पुतण्याच्या घरी ऐकलं. या लोकांची लायकीच नाही. कुणी गोंजारलं की झालं. यांच्या हाती निवड देणं म्हणजे आगीशी खेळ. मी इतकं चढ्या आवाजात बोलत होतो की आतून चपराशी गप्प बसा म्हणायला आला. अर्जाचं मात्र मी कुणालाच सांगितलं नाही. लोक बहकले, सखारामने भडकवले, एवढंच सांगितलं. दिगंबरराव त्याच महिन्यात औरंगाबादला गेले ते कायमचे. जाताना मला म्हणाले, “यांच्यासाठी काही करावं असं आता वाटत नाही.” मी त्यांचा हात धरून म्हटलं, अगदी खरं आहे.

सखारामने काय केलं ते सांगायला फार शब्द नकोत. दुकान आधी आठवड्यातून चार दिवस उघडं असायचं, मग दोन, मग एक. धान्याची पोती घाट ओलांडून वऱ्हाडात जायची, तिकडे भाव चढा होता. तो मात्र आधीसारखाच सगळ्यांच्या दारात जायचा, काका-मावशी म्हणायचा, तेराव्याला पंगतीत वाढायचा. हे सगळं माझ्या कानावर यायचं, आणि मला आनंद व्हायचा. लपवत नाही. लोकांच्या पोटाला चिमटा बसतो आहे आणि मी निंबाखाली बसून मनात म्हणतोय, घ्या, हवा होता ना आपल्यातला?

पुढचा हिवाळा आला. पटवाऱ्याने पुन्हा तोच जुना आकडा उतरवला. एका दुपारी गयाबाई एकटीच येऊन माझ्यासमोर बसली. खंगली होती, पण आवाज तोच. माझ्याने राहवेना.

“गयाबाई, सखाराम कसा आहे ते तुम्हाला आधी माहीत नव्हतं?”

“चोर हाय, हे सगळ्या गावाला ठावं हुतं.”

“आणि तरी हात वर केला?”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपण पोराला तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगताना पाहतो. “चोर घरातलं नेतो, मुन्शीजी. त्याला धरता बी येतं कवा ना कवा. तुमी अन् वकीलसाहेबानं आमच्या तोंडातलं काढून घेतलं, अन् वर आमच्याकडूनच बराबर म्हणवून घेतलं. तुमाला कसं धरावं?”

मी सबबी शोधत होतो. रीत, कचेरी, पटवारी, तुमच्याच भल्यासाठी.

“मग आता माझ्याकडे कशाला आलात?” मी शेवटी विचारलं.

“तुमचा हात चांगला हाय म्हणत्यात. मागच्या सालचंच लिवा. आमची माळाची जमीन पेरली न्हाई, या अन् मोजा. तेवढंच. पायाबिया न्हाई पडायचं.”

मी लिहिलं. फिदवी नाही, नादान नाही, सुरुवातीला फक्त ‘जनाब तहसीलदार साहेब’. पाच ओळींत अर्ज संपला. इतका उघडाबोडका कागद मी जन्मात लिहिला नव्हता. साहेब हा उद्धटपणा मानतील, अशी मला भीती होती. मी तिला वाचून दाखवला, आणि या वेळी कागदावर जे होतं तेच मराठीत सांगितलं. शाईची गादी पुढे सरकवली.

गयाबाईने गादीकडे पाहिलं नाही. कागद उचलला आणि उठली. “आले,” म्हणाली.

मैदानाच्या पलीकडे दुसरा एक अर्जनवीस बसायचा. त्याच्या बोजड हाताची मी वर्षानुवर्षं टवाळी केली होती, त्याची गिऱ्हाइकं हसून हसून माझ्याकडे ओढली होती. ती थेट त्याच्यासमोर जाऊन बसली. त्याने चष्मा पुसला, अर्ज वाचला, मान वर करून माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचला. मग तो तिला बोटाने ओळ दाखवत सांगू लागला. रस्त्यावरून येणारे-जाणारे थांबून पाहत होते. मी पेटीची कडी उघडत आणि लावत बसलो. शरमेने मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात, ते त्या दुपारी मला कळलं. ती परत आली.

“बराबर हाय,” म्हणाली, आणि अंगठा उठवला.

अर्ज आत गेला आणि तासाभरात मला बोलावणं आलं. मनात म्हटलं, सनद गेली. तहसीलदारसाहेबांच्या समोर तो कागद उघडा होता. ते रागावलेले दिसत नव्हते. गोंधळलेले दिसत होते.

“मुन्शीजी, ये उस औरत ने कहा है? इन्हीं अल्फाज में?”

“जी.”

त्यांनी कागद पुन्हा वाचला. “दो साल से यहाँ हूँ. हर दरख्वास्त में यही पढ़ता हूँ कि जाहिल हैं, नादान हैं, कुछ नहीं समझते. मैंने यही मान लिया था.” दोन वर्षं ते माझ्याच अक्षरात रोज वाचत होते, की इथली माणसं मूर्ख आहेत. माझ्याच नव्हे, आमच्या सगळ्यांच्या अक्षरात. पण निम्मे कागद तर माझेच असायचे. साहेबांचा आवाज साधा होता, ते मला दोषही देत नव्हते. आदल्या सालची ती एक ओळ, रहम करण्याजोगं कारण दिसत नाही, ती याच माणसाने लिहिली होती, आणि त्या कागदावर खरोखरच कारण नव्हतं. ते मीच काढून ठेवलं होतं.

त्यांनी लगेच हुकूम लिहिला. परवा मोजणीदार जाईल, पटवाऱ्याने सोबत हजर राहावं. मला म्हणाले, यात मेहेरबानी नाही, मोजणी मागितली की करून द्यायची हा कायदाच आहे.

बाहेर गयाबाई पायरीवर बसली होती. मी तिला सांगितलं, परवा मोजणी आहे, साहेबांनी माणूस दिला. मला वाटलं, तिचा चेहरा खुलेल. मला त्या क्षणी ते फार हवं होतं.

“मेहरबानी केली म्हणायची,” ती म्हणाली.

“मेहेरबानी नाही. कायदाच आहे. मागितली की करावी लागते.”

ती उठता उठता थांबली. पायरीवर हात टेकलेला तसाच राहिला.

“साहेब तवाबी हेच हुते?”

“हो. हेच.”

“मंग तवा लिवलं असतं तं तवाबी मोजलं असतं? ज्वारी राह्यली असती? पोरगं गाव सोडून गेलं नसतं?”

निंबाखाली दोन गिऱ्हाइकं माझी वाट पाहत होती. त्यातल्या एकाने हाक मारली. मी तिकडे पाहिलं नाही.

“हो, गयाबाई,” मी म्हणालो.

हे उत्तर तिने पलीकडे जाऊन तपासून घेतलं नाही.